खिशातले चांदणे

मराठी शिकविणाऱ्या माणसाने विजेरीवर लेख लिहावा, हे कोणाला अंमळ चमत्कारिक वाटेल. अलंकार, वृत्ते आणि संतवाङ्मय हा ज्याचा प्रांत, त्याने व्होल्ट आणि अँपिअर यांच्या वाटेला का जावे? याचे उत्तर आमच्या पत्त्यातच आहे. आम्ही आरमोरीचे. वैनगंगेच्या खोऱ्यातला, धानाच्या बांध्यांचा आणि सागाच्या रानाचा हा तालुका. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्हा दुभंगून गडचिरोली जिल्हा झाला, तेव्हापासून आम्ही गडचिरोलीकर. येथे दिवेलागण झाली की अंधार कवितेपुरता राहत नाही. थेट उंबरठ्याशी येऊन बसतो. मग ज्याच्या हाती विजेरी तो शहाणा, आणि ज्याच्या हाती चांगली विजेरी तो भाग्यवान!

दिवाळीच्या सुमारास तर तिच्यावाचून पान हलत नाही. या दिवसांत धान कापणीला आलेले असते. रानडुकरे बांधीत शिरू नयेत म्हणून रात्री राखण असते. भाऊबिजेच्या आगेमागे गावोगावी मंडई भरू लागते, आणि मंडई म्हटली की रात्री नाटक आलेच. झाडीपट्टीच्या या रंगभूमीचे ठाणे वडशाला, म्हणजे आमच्यापासून जवळच. तिथल्या मंडळ्यांची नाटके रात्री उशिरा सुरू होतात आणि पहाटेपर्यंत चालतात. पडदा पडल्यावर पेंगुळलेली पोरे खांद्यावर टाकून माणसे पांदणीने घरोघर निघतात. त्या वाटेवर उजेडाचे मोल काय असते, ते गच्चीवर आकाशकंदील लावणाऱ्याला चटकन उमगायचे नाही.

पण वाचकहो, आपल्यालाही विजेरी लागतेच की! वीज गेल्यावर चार मजले जिना उतरताना, पावसाळ्यात रस्त्यात मोटार बंद पडल्यावर, मुलांना घेऊन गडावर पहाटे चढताना, आजारी माणसाला रात्री औषध देताना. भ्रमणध्वनीचा दिवा आहेच, असे कोणी म्हणेल. तो अंगणापुरता बरा. पण ज्या यंत्रावरून मदतीला हाक मारायची, त्याचीच शक्ती दिव्यात जाळून टाकणे हा काही संसारी शहाणपणा नव्हे.

आधी शब्दांचा घोळ

धंद्याने मास्तर असल्यामुळे शब्दांपासून सुरुवात करतो. ‘विजेरी’ हा शब्द मोठा गोड, पण तो पुस्तकातच राहिला. लोकांच्या तोंडी ती ‘बॅटरी’. आत असतो तो ‘सेल’, आणि कधीकधी त्यालाही ‘बॅटरी’च म्हणतात. त्यामुळे ‘बॅटरी खराब झाली’ म्हणजे नेमके काय झाले, याचा दुकानात उलगडा होता होता दुसरे गिऱ्हाईक निघून जाते. या लेखात दिव्याला विजेरी म्हणू आणि आतल्या शक्तीला सेल.

विजेरी शंभरी ओलांडून बसली आहे. नळीत सेल आणि तोंडाशी काचेचा दिवा, अशा विजेरीचे अमेरिकेतील पेटंट डेव्हिड मिसेल याच्या नावे १८९९ सालचे आहे. आपल्या आजोबांच्या खुंटीवर लटकणारी दोन सेलची एव्हरेडी त्याच घराण्यातली. तिचा उजेड पिवळा, थकलेला. आणि ती रुसली की तिच्या बुडाला चापट मारावी लागे. उतरलेले सेल उन्हात वाळत घालायचे, दाताने दाबून पाहायचे, हे प्रयोग त्या काळी घरोघर चालत. हे प्रयोग लक्षात ठेवा. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

त्या काचेच्या दिव्यातली तार तापून लाल-पिवळी होई तेव्हा उजेड पडे; बहुतेक शक्ती उष्णतेतच जाई. आजच्या एल.ई.डी.मध्ये तार नाही. त्यात अर्धवाहकाची एक चिमुकली चकती असते. तिच्यातून वीज गेली की निळा उजेड निघतो, आणि तिच्यावरच्या पिवळट लेपातून गाळून आला की तो पांढरा दिसतो. हा निळा उजेड साधण्यासाठीच शास्त्रज्ञांना फार वर्षे झगडावे लागले. त्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. शक्ती साठविणारा लिथियम-आयन सेल बाजारात आला १९९१ साली, आणि त्याच्या जनकांना, म्हणजे गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना, रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले २०१९ साली. पाहा, कनवटीला लावण्याजोग्या एका वस्तूत दोन नोबेल पारितोषिके सामावली आहेत!

उजेड मोजायचा कसा?

दुकानात गेले की डब्यावर पहिला आकडा दिसतो तो ल्यूमेनचा. ल्यूमेन म्हणजे दिव्यातून सर्व बाजूंनी मिळून निघणारा एकूण उजेड. जुन्या दोन सेलच्या विजेरीचा उजेड दहा-पंधरा ल्यूमेन. साठ वॅटच्या जुन्या बल्बचा सुमारे ७०० ल्यूमेन. पण एकूण उजेड किती, एवढ्याने तो कुठवर जातो हे कळत नाही. त्यासाठी दुसरे माप आहे, कँडेला. झोत एका दिशेला किती एकवटला आहे, ते हे माप सांगते. बादलीभर पाणी अंगणात शिंपडा किंवा पिचकारीने मारा. पाणी तेवढेच, पण पोचते ते वेगळे. शिंपडलेल्या पाण्याचे मोजमाप ल्यूमेनमध्ये, पिचकारीच्या जोराचे कँडेलात.

चांगल्या कंपन्या झोताचे अंतर मीटरमध्ये देतात. त्याची व्याख्या मला फार आवडली. झोत ज्या ठिकाणी पोचेपर्यंत पौर्णिमेच्या चांदण्याइतका, म्हणजे पाव लक्स, उरतो, ते त्या विजेरीचे अंतर. थोडक्यात, अमुक मीटरपर्यंत ही विजेरी तुम्हाला कोजागिरी देते! हिशेबही सोपा आहे. कँडेलाच्या आकड्याचे वर्गमूळ काढावे आणि दुप्पट करावे. १०,००० कँडेला असतील तर वर्गमूळ १००, आणि अंतर २०० मीटर. अंतर दुप्पट हवे असेल तर कँडेला चौपट लागतात. म्हणून दुप्पट किंमत देऊन दुप्पट लांब दिसेल, या आशेवर कोणी राहू नये.

आता जाहिरातींकडे वळू. ‘१०,००० ल्यूमेन, सलग दहा तास’ असे छापलेले डबे बाजारात दिसतात. आपण भाजीचा हिशेब करतो तसा याचाही करू. चांगला एल.ई.डी. एका वॅटमध्ये ढोबळ मानाने शंभर ल्यूमेन देतो. म्हणजे दहा हजारांना शंभर वॅट. ते दहा तास चालवायचे तर हजार वॅट-तास हवेत. विजेरीत नेहमी असणाऱ्या एका चांगल्या सेलमध्ये जेमतेम अकरा वॅट-तास मावतात. तेव्हा या जाहिरातीतली विजेरी खरी करायला नव्वदांहून अधिक सेल लागतील, आणि ती खिशात न ठेवता बैलगाडीत घालून न्यावी लागेल! हाच हिशेब उलटा केला की खरे उत्तर मिळते. एका सेलवर हजार ल्यूमेन सुमारे एक तास. शंभर ल्यूमेन सुमारे दहा तास. यापेक्षा फार मोठे आश्वासन देणारा डबा हसून खाली ठेवावा.

मग किती उजेड पुरे? घरात, जिन्यात, अंथरुणाशी पाच ते पन्नास ल्यूमेन. पायवाटेने चालताना शंभर-दोनशे. शेताचा बांध किंवा नदीचा काठ न्याहाळायला पाचशे ते हजार, तेही क्षणभर. म्हणून ज्या विजेरीत उजेड कमी-जास्त करण्याची सोय आहे, तीच घ्यावी. आणि तिचा सर्वांत मंद टप्पा खरोखर मंद आहे की नाही ते पाहावे. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात. मध्यरात्री पाणी पिण्यासाठी हजार ल्यूमेन पेटविणारा माणूस ती सारी कमाई एका क्षणात घालवतो आणि परतताना मोरीच्या उंबऱ्याला अडखळतो.

रंगाचेही भान हवे. निळसर पांढरा उजेड प्रखर भासतो, पण त्यात मातीचे, पाचोळ्याचे आणि सापाच्या पाठीचे रंग एकमेकांत मिसळून जातात. किंचित उबदार उजेडात, म्हणजे डब्यावर ४००० ते ५००० केल्विन लिहिलेल्या विजेरीत, ते अधिक वेगळे दिसतात. रंग खरे दिसण्याच्या मापाला सी.आर.आय. म्हणतात, ते ९० किंवा अधिक असेल तर उत्तमच. पावसासाठी आय.पी.एक्स. या अक्षरांपुढचा आकडा वाचावा: ४ म्हणजे शिंतोडे सोसेल, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी टिकेल. आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत सात हा आकडा चैनीचा नसून गरजेचा असतो. ज्याला दोन्ही हातांनी काम करायचे आहे त्याने डोक्याला बांधायचा दिवा घ्यावा. मात्र धुक्यात तो डोळ्यांपुढे पांढरा पडदा धरतो, म्हणून हातातली विजेरीही जवळ असावी.

पोटात काय आहे?

विजेरी निवडताना लोक तोंड पाहतात. पाहायला हवे पोट. पुन्हा भरता येणारे सेल मुख्यतः तीन जातींचे.

पहिला, निकेल-मेटल हायड्राइडचा, आपल्या घड्याळातल्या सेलएवढा, १.२ व्होल्टचा. स्वभावाने गरीब. मुलांच्या हातात द्यायच्या विजेरीला हाच बरा. त्यातही साठवणीत फारसा न उतरणारा प्रकार मिळतो, तो घ्यावा.

दुसरा, शिशाचा. आठवडी बाजारातल्या स्वस्त विजेऱ्यांत बहुधा हाच असतो; मागे दोन पिना असतात आणि विजेरी सरळ भिंतीत खुपसायची असते. हा सेल रिकामा पडून राहिला की मरतो. म्हणून वापर असो वा नसो, महिन्याला एकदा भरावा. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. यांतल्या पुष्कळशा विजेऱ्यांत रोहित्र नसते. २३० व्होल्टचा घरातला प्रवाह आणि आतल्या तारा यांच्यात खरा आडोसा नसतो. म्हणून ती भिंतीत लावलेली असताना पेटवू नये, तडा गेलेली असेल तर हात लावू नये, ओल्या हाताने तर नाहीच. पिना उघड्या ठेवून ती पोराच्या हाती देऊ नये.

तिसरा, लिथियम-आयनचा. प्रखर विजेरीचा प्राण हाच. ‘१८६५०’ हा त्याचा नेहमीचा आकार: १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. त्याच्या थोरल्या भावाचे नाव २१७००. हा सेल ३.६ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२. अस्सल १८६५० सेलची क्षमता साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांच्या आसपास संपते आणि वजन पंचेचाळीस ग्रॅमच्या वर असते. ज्याच्यावर ९९०० लिहिले आहे आणि जो हाताला पिसासारखा हलका लागतो, तो खोटा. दुकानातल्या तराजूवर ठेवून पाहावा. लाजायचे कारण नाही. भारतात लिथियमच्या सेलला मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. आय.एस. १६०४६ हा मानक क्रमांक आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक सेलवर किंवा वेष्टनावर शोधावा. अतिभरण आणि अतिरिक्त उतार रोखणारी चकती आत बसविलेले ‘संरक्षित’ सेल मिळतात. ते थोडे लांब असतात, तेव्हा विजेरीत बसतात ना ते पाहून घ्यावेत.

तापट पाहुण्याचे पथ्यपाणी

लिथियमचा सेल म्हणजे घरात आलेला गुणी पण तापट पाहुणा. मान राखला तर वर्षानुवर्षे काम करील. डिवचला तर घर पेटवील. त्याच्या आतल्या दोन पट्ट्यांमध्ये कागदासारखा पातळ पडदा असतो. मार, अतिभरण किंवा उष्णता यांनी तो पडदा फाटला की सेल स्वतःच स्वतःला तापवू लागतो. तापला की आतली क्रिया वाढते आणि ती वाढली की आणखी तापतो. मग ज्वाळा आणि विषारी धूर. हे एकदा समजले की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

आजोबांचे प्रयोग या सेलवर करू नयेत. तो उन्हात वाळत घालू नये, दाताने दाबू नये, ठोकू नये, उघडून पाहू नये. खिशात किल्ल्या आणि सुटे पैसे यांच्या संगतीने सुटा सेल ठेवू नये. धातू दोन्ही टोकांना टेकला की क्षणात निखारा होतो. चार-सहा रुपड्यांची प्लास्टिकची डबी त्यासाठी पुरते. वरचे वेष्टन फाटले, सेल दबला, फुगला किंवा चिकट झाला, तर त्याची सेवा संपली असे समजावे.

भरताना त्याच जातीच्या सेलसाठी केलेले भरणयंत्र वापरावे. भरणी फरशीवर किंवा दगडी ओट्यावर, माणूस जागा असताना करावी. उशीखाली, गादीवर, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर कदापि नाही. दाराच्या तोंडाशी तर मुळीच भरू नये, कारण पेट घेतल्यास बाहेर पडायची वाटच अडते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि नेमक्या त्याच मर्यादेपलीकडे हे सेल भरणे वर्ज्य आहे. म्हणून उन्हाळ्यात टिनाच्या छपराखाली दुपारी सेल भरू नयेत, पहाटे भरावेत. उन्हात उभ्या मोटारीत विजेरी विसरू नये. दोन-तीन सेलच्या विजेरीत नवा-जुना, भरलेला-उतरलेला अशी जोडी लावू नये. दुबळ्या बैलावर जू टाकल्यासारखे होते आणि दुबळाच आधी कोसळतो. फार दिवस ठेवायचा जादा सेल अर्धा भरून थंड जागी ठेवावा.

प्रवासात विजेरीची मागची टोपी पाव फेरा सैल करावी. नाही तर पिशवीत बटण दाबले जाते आणि प्रखर झोत गडद कापडाला भोक पाडतो. विमानात सुटे लिथियम सेल मोठ्या सामानात देता येत नाहीत. ते हातातल्या पिशवीत, डबीत न्यावे लागतात.

भरताना सेल हाताला चटका देऊ लागला किंवा उग्र वास आला, तर आधी भिंतीवरचे बटण बंद करावे. फुसफुस किंवा धूर सुरू झाला असेल तर शौर्य दाखवू नये. मुलाबाळांना घेऊन बाहेर पडावे आणि ११२ ला हाक मारावी. निकामी सेल केरात किंवा चुलीत टाकू नये. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून, २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे तो परत घेणाऱ्या केंद्राकडे द्यावा.

तान्हुल्यांच्या घरासाठी एक वेगळी सूचना. खेळण्यातल्या चिमुकल्या विजेऱ्यांत बटणाएवढे चपटे सेल असतात. मुलाने तो गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. ‘पडेल आपोआप’ म्हणून वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.

विजेरी काय करते आणि काय नाही

आमच्याकडे विजेरीचा मोठा उपकार म्हणजे साप दिसतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. त्यांतली मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर निजलेल्या माणसालाही चावते, आणि तिचा दंश पुष्कळदा जाणवतसुद्धा नाही. म्हणून विजेरी खुंटीवर नको. अंथरुणाच्या उशाशी, हात जाईल तिथे हवी. पाय खाली टाकण्यापूर्वी उजेड टाकावा, चपला झटकाव्यात, सरपणात हात घालण्यापूर्वी पाहावे. झोत दूरच्या झाडांवर न नाचविता पुढच्या चार पावलांवर ठेवावा. आणि इतके करूनही दंश झालाच, तर मांत्रिकाकडे न जाता १०८ बोलवावी, प्रतिविष असलेल्या रुग्णालयात जावे. एक तास वाया जाणे म्हणजे काय, ते या भागातल्या कित्येक घरांना ठाऊक आहे.

पण विजेरी हे शस्त्र नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडकडून रानहत्तींचा कळप आमच्या जिल्ह्यात उतरला. २०२२ च्या ऑक्टोबरात ‘सीटी-१’ नावाचा वाघ वडसा वनविभागात जेरबंद झाला, तोवर तीन विभागांत मिळून तेरा माणसे त्याला बळी पडली होती. मोहफुले वेचणारी बाई भल्या पहाटे वाकून काम करीत असते. तिच्या हातातल्या झोताने वाघ पळेल, असे कोणी तिला सांगू नये. उजेडाने धोका थोडा आधी दिसतो, इतकेच. अंधारात डोळे चमकले म्हणजे वाघच असेल असे नाही. गाय, कुत्रा, हरीण यांचेही डोळे चमकतात, कारण बुबुळामागचा आरशासारखा पडदा उजेड परतवतो. ते चमकताच थांबावे, पाठ न दाखविता हळूहळू मागे यावे. हत्तीच्या तोंडावर झोत रोखून गंमत पाहणाऱ्यांची टोळी जमते. त्यात आपली मुले नसावीत. उजेड फार असला की धाडसही फाजील वाढते, हा हजार ल्यूमेनचा एक दोषच म्हणायचा. तीन-चार जणांनी बोलत, सोबतीने जाणे, ही जुनी रीत आजही कोणत्याही विजेरीहून भरवशाची आहे.

या जिल्ह्याच्या टोकाला, हेमलकशाला, प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी १९७३ साली रुग्णसेवा सुरू केली, तेव्हा तेथे वीज नव्हती, आणि पुढेही कित्येक वर्षे नव्हती. कंदिलाच्या उजेडात माणसे वाचविली गेली. तेव्हा उजेड किती आहे यापेक्षा तो वेळेवर पेटतो का, हा प्रश्न मोठा. कपाटात उतरून पडलेली दोन हजारांची विजेरी आणि एक दगड, यांत अंधारात काडीचा फरक नसतो.

यासाठी आमच्या शेजारपाजारी एक सोपी रीत पडली आहे; ती आपणही उचलावी. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत अमावास्या आली की त्या दिवशी घरातल्या साऱ्या विजेऱ्या खाली काढायच्या. एकेक पेटवून पाहायची, सेल हाताने चाचपायचे, उतरले असतील ते डोळ्यांसमोर भरायचे, फुगलेले बाजूला काढायचे आणि विजेऱ्या पुन्हा उशाशी ठेवायच्या. काम दहा मिनिटांचे, आणि घरातले पोर ते हौसेने करते. लक्ष्मीपूजन अमावास्येलाच असते. यंदा पणत्यांच्या ओळीत वाती घालून झाल्या की लगेच विजेऱ्यांचीही पाहणी उरकून टाका.